जिंकलेल्या दिवशीचे टर्नओव्हर कुणी मोजले?

एडिसन, न्यू जर्सी
२६ फेब्रुवारी २०१२

न्यू यॉर्क-न्यू जर्सीतल्या तमाम मराठी निक्सप्रेमींना, आणि त्यातही आमच्या बेसमेंटमध्ये मॅच बघायला जमणाऱ्या मंडळींना,

स. न. वि. वि.

गुरुवारी रात्री मायामीत आपले निक्स बास्केटबॉलच्या सामन्यात १०२-८८ असे हरले. चौथा क्वार्टर संपायच्या आतच तुमच्यातले निम्मे लोक जिना चढून वर गेले आणि जॅकेटं शोधू लागले. जे उरले त्यांनी आपला नवा गार्ड जेरेमी लिन याचा पंचनामा सुरू केला. अकरा शॉट मारले, एक आत गेला. गुण आठ, आणि टर्नओव्हर, म्हणजे बॉल समोरच्या टीमच्या हाती घालवणं, तेही आठ. वहीवाल्या काकांनी त्या दुसऱ्या आठाभोवती लाल पेनाने दोनदा गोल केला आणि निकालपत्रावर सही झाल्यासारखं पेनाचं टोपण लावलं. "फुगा फुटला," कुणीतरी म्हणालं. कोण ते लिहीत नाही. पण दोनच आठवड्यांपूर्वी लेकर्सविरुद्ध या पोराने ३८ टाकले तेव्हा याच गृहस्थांनी ठाण्यात भावाला फोन लावून, तिकडे शनिवारची सकाळ आहे, माणसं झोपलेली असतात हे विसरून, "टीव्ही लाव आधी, टीव्ही लाव" असा ओरडा केला होता.

पत्र उघड लिहितोय, कारण वाद आता आमच्या बेसमेंटपुरता राहिलेला नाही. पटेल ब्रदर्सच्या रांगेत, पाथ ट्रेनमध्ये, काल एका बारशालासुद्धा तोच विषय. एक पक्ष म्हणतो, देव पावला. दुसरा म्हणतो, चार दिवसांचं कौतुक होतं, संपलं, बॉल सांभाळता येत नाही त्याला. मला दोन्ही पक्षांशी भांडायचंय, पण दुसऱ्याशी जरा जास्त.

शुक्रवारी सकाळी खाली आवरायला गेलो तर वही सोफ्याच्या फटीत राहिलेली. काका, माफ करा, मी ती उघडली. तुमचं अक्षर सुरेख आहे. प्रत्येक टर्नओव्हरला एक उभी रेघ, पाचवी आडवी, शेजारी क्वार्टर. पण पहिलं पान निघालं १७ फेब्रुवारीचं. त्याआधीचं पान फाटलेलं नाही, ते लिहिलंच गेलेलं नाही. १७ तारखेला काय झालं होतं? सलग सात जिंकून आपण तळाला पडलेल्या न्यू ऑर्लिन्सकडून ८९-८५ असे घरच्या मैदानावर हरलो आणि लिनने नऊ वेळा बॉल घालवला. म्हणजे आपण हिशेब ठेवायला बसलो तो पहिल्यांदा तोटा झाला त्या रात्री. (टाइम वॉर्नर केबलवाल्यांची गंमत तर विचारूच नका. एक जानेवारीपासून त्यांच्याकडे निक्सचे सामने दाखवणारं एमएसजी चॅनल बंद, त्यामुळे क्वीन्सहून पूल ओलांडून आमच्याकडे यायचे. चॅनल परत आलं ते नेमकं १७ तारखेला. बिचाऱ्यांनी घरच्या सोफ्यावर पहिली मॅच बघितली ती हरलेली.)

तर मागची पानं मी भरून दिली आहेत. लिनला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं ते ६ फेब्रुवारीला, यूटाविरुद्ध. टर्नओव्हर आठ. मग वॉशिंग्टन दोन, लेकर्स सहा, मिनेसोटा सहा, टोरांटो आठ, सॅक्रामेंटो सहा. झाले छत्तीस. हे सहाही सामने आपण जिंकलो. पुढचे न्यू ऑर्लिन्सचे नऊ धरले की पंचेचाळीस. १९७७-७८ पासून हे आकडे ठेवायला लागल्यापासून कुणाच्याही पहिल्या सात स्टार्ट्समध्ये, म्हणजे सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत, एवढे टर्नओव्हर झालेले नाहीत. म्हणजे विक्रमच, पण नकोसा. आणि त्याच पोराने पहिल्या पाच स्टार्ट्समध्ये मिळून १३६ गुण केले, तोही विक्रम. १९७६ साली एनबीए आणि एबीए या दोन लीग एकत्र झाल्या त्यानंतर एवढे कुणी केले नव्हते. दोन्ही विक्रम एकाच पंधरवड्यातले, एकाच माणसाचे, एकाच हाताचे.

आता यूटाचे आठ, टोरांटोचे आठ आणि मायामीचे आठ शेजारी शेजारी ठेवून बघा. यूटाच्या रात्री आपण काय करत होतो? वहिनींनी शिरा केला होता. टोरांटोच्या रात्री तर सतरा गुणांनी मागे होतो. शेवटच्या मिनिटात ८७-८७, आपले कोच डॅन्टोनी यांनी टाइमआउट घेतला नाही, लिनने हाताने सगळ्यांना बाजूला सारलं, समोर काल्डेरॉन, आणि अर्धा सेकंद उरला असताना तीनचा शॉट आत. त्यांच्याच मैदानावर त्यांचेच प्रेक्षक नाचले. आपल्याकडे कुणीतरी कोकची बाटली सांडली, तो डाग अजून गालिच्यावर आहे. त्या रात्री बॉल आठ वेळा गेला होता हे तुमच्यापैकी एकाला तरी आठवतं का? मलाही आठवत नव्हतं, बॉक्स स्कोअर काढून बघावा लागला.

आपण सेहवागशी हेच करत आलो. ऑफस्टंपबाहेरच्या बॉलवर पाय न हलवता बॅट फिरवली आणि चौकार गेला की "काय टायमिंग आहे राव", आणि तोच फटका स्लिपमध्ये गेला की "गरज काय होती?" फटका तोच असतो.

म्हणून काय टर्नओव्हर हा दोषच नाही का? आहे. उगाच आंधळी वकिली मला करायची नाही. लिनचा डावा हात कच्चा आहे. त्याला डावीकडे ढकललं की तो अडखळतो. त्याची दुसरी सवय त्याहून वाईट. पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या रंगवलेल्या भागात, घुसतो, उडी मारतो, आणि हवेत गेल्यावर ठरवतो की शॉट मारायचा की पास द्यायचा. जमिनीवर पाय असताना विचार बदलता येतो, हवेत गेल्यावर खाली येण्याआधी बॉल हातातून सोडावाच लागतो, मग तो कुणाच्याही हातात जावो. न्यू ऑर्लिन्सच्या नऊमधले कितीतरी असे होते. हे सुधारायलाच हवं, आणि तेवीस वर्षांच्या पोराला ते सुधारता येतं.

पण बाकीचे टर्नओव्हर त्याच्या कामाचा भाग आहेत, आणि ते काम काय आहे हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नीट बघितलेलं नाही. आपली नजर बॉलवर असते. एकदा बॉल सोडून आपला सेंटर टायसन चँडलर याच्याकडे बघा. तो वर येतो, लिनला अडवणाऱ्याच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो आणि मग वळून रिंगकडे धावतो. एवढाच तो पिक अँड रोल. त्या क्षणी समोरच्या टीमचे दोन जण लिनकडे येतात, म्हणजे कुठेतरी आपला एक माणूस मोकळा. तो चँडलर आहे, कोपऱ्यातला नोव्हाक आहे की आणखी कुणी, हे लिनला सेकंदभरात ओळखायचं असतं, तेही चार हात डोळ्यांसमोर नाचत असताना. माईक डॅन्टोनीने फिनिक्समध्ये स्टीव्ह नॅशला हेच काम दिलं होतं. तिथे नॅशला २००५ आणि २००६ असे लागोपाठ दोन एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार, मिळाले, आणि त्या वर्षांतही तो दर सामन्याला तीनच्या वर बॉल घालवत होता. सगळं ज्याच्या हातून जातं, सांडतंही त्याच्याच हातून. २०१२ पर्यंत सगळ्यात जास्त टर्नओव्हर कुणाचे, ती यादी काढून बघा. पहिला कार्ल मलोन, दुसरा जॉन स्टॉकटन. सगळ्यात जास्त असिस्ट, म्हणजे गुण मिळवून देणारे पास, कुणाचे? १५,८०६, त्याच स्टॉकटनचे.

मायामीने काय केलं ते तर उघड दिसत होतं. त्यांनी लिनला अर्ध्या रेषेपर्यंतही सुखाने येऊ दिलं नाही. चॅल्मर्स आणि नॉरिस कोल आळीपाळीने बॉल मिळाल्यापासून अंगाला चिकटले. चँडलरने तशी वाट अडवली, म्हणजे स्क्रीन आला, की त्यांचा मोठा खेळाडूही मागे न सरकता पुढेच झेपावायचा. आणि या सगळ्यामागे लेब्रॉन आणि वेड, पास कुठे जाणार याचा वास घेत उभे. मला तर तो पाहुणचार वाटला. तीन आठवड्यांपूर्वी बाकावर शेवटच्या खुर्चीत बसणाऱ्या पोरासाठी लीगमधल्या सगळ्यात तगड्या टीमने अख्खा आराखडा बांधला. काकांच्या वहीत याला रकाना नाही.

आता थोडं माझं. हे मी बेसमेंटमध्ये कधी सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं काही पराक्रमी नाही.

पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये मी दोन वर्षं गार्ड खेळलो. सिमेंटचं कोर्ट, एका बाजूच्या बोर्डाला भोक, पावसाळ्यानंतर कडेला शेवाळ. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मी पाच वेळा बॉल घालवला. पाचव्यांदा तर समोरच्या पोराने माझ्या हातातून असा काढून घेतला, जसा आपण लहान मुलाच्या हातातून रिमोट घेतो. सरांनी मला बाहेर बसवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बॉल तुझ्या बापाचा आहे का रे?" सर चांगले होते, पोटच्या पोरांसारखं बघायचे, पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. पुढच्या सामन्यापासून मी एक युक्ती काढली. अर्धी रेषा ओलांडली की पहिल्या रिकाम्या हातात बॉल द्यायचा आणि कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. आत घुसायचं नाही, गर्दीत पास टाकायचा नाही. अख्ख्या सामन्यात एकही टर्नओव्हर नाही. सरांनी पाठ थोपटली. तो सामना आम्ही वीस-बावीस गुणांनी हरलो. पुढचाही हरलो. आमचा सेंटर, चांगला उंच पोरगा, रिंगखाली हात वर करून उभा असायचा आणि त्याच्यापर्यंत बॉल पोचायचाच नाही, कारण पोचवणारा मी, आणि मी तर शहाणा झालो होतो. बसमधून परत येताना तो माझ्याशी बोलला नाही. तेव्हा वाटलं, हरल्याचा राग आहे.

लिनला मी-मी म्हणणाऱ्यांनी असं शहाणं करून ठेवू नये, एवढीच माझी धास्ती आहे. गेल्या आठवड्यात बॅरन डेव्हिस दुखापतीतून उठून आला, जे. आर. स्मिथ चीनहून आला, कार्मेलो परतला. लगेच आपल्यात सूर निघाला की आता अनुभवी माणसं आली, बॉल त्यांच्या हातात द्या, पोराला जरा मागे ठेवा. कार्मेलो मोठा खेळाडू आहे, वादच नाही. पण तो आणि आपला दुसरा स्टार स्टॉडमायर असताना आपण ८-१५, म्हणजे आठ जिंकून पंधरा हरलेले, होतो हे विसरायचं का? आज १७-१८ आहोत. मधल्या बारांपैकी नऊ जिंकलो. १९७३ नंतर ज्यांनी विजेतेपद बघितलं नाही आणि २००० नंतर प्लेऑफची एक मालिका जिंकलेली नाही, त्या आपण लोकांनी तीन आठवड्यांत कंटाळावं, हे जरा अतीच होतंय.

आता पहिल्या पक्षाकडे वळतो, देव पावलावाल्यांकडे. तुम्ही "रातोरात" हा शब्द एवढ्या वेळा वापरलाय की माझे कान किटले. रातोरात काय झालं हो? २००६ साली पालो आल्टोच्या शाळेला त्याने राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं, तरी एकाही मोठ्या कॉलेजने खेळासाठी शिष्यवृत्ती देऊ केली नाही. हार्वर्डला गेला, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, साठ नावं पुकारली, त्यात हा नाही. गोल्डन स्टेटने घेतलं, वर्षभरात एकोणतीस सामने, सरासरी अडीच-पावणेतीन गुण, आणि मधूनमधून तीनदा खालच्या लीगमध्ये रेनोला रवानगी. गेल्या डिसेंबरात गोल्डन स्टेटने सोडला. ह्यूस्टनने १२ तारखेला घेतला आणि २४ ला, नाताळच्या आदल्या दिवशी, सोडला. आपण घेतला तो आपल्या शम्पर्टचा गुडघा दुखावला म्हणून, आणि घेऊन परत खालच्या लीगमध्ये ईरीला धाडला. तिथे २० जानेवारीला त्याने २८ गुण, ११ रिबाउंड, १२ असिस्ट केले तेव्हा तुम्ही-आम्ही काय बघत होतो? ऑस्ट्रेलियात आपल्या क्रिकेट टीमचं वस्त्रहरण. करार पक्का होण्याआधी त्याला सोडून देण्याचा विचार निक्सच्या कचेरीत चाललाच होता. घर घ्यावं एवढी शाश्वती नाही, म्हणून पोरगा मोठ्या भावाच्या एका खोलीत सोफ्यावर झोपायचा. ४ फेब्रुवारीला नेट्सविरुद्ध २५ गुण केले, त्याच्या आदल्या रात्री लँड्री फील्ड्सच्या सोफ्यावर होता. ही सगळी वर्षं तो होताच. बघणारं कुणी नव्हतं.

हार्वर्डच्या नावाने आपल्या मंडळींचे डोळे जे लकाकले ते मला कळलं बरं का. कुमॉनच्या वर्गातून मुलांना ओढून बास्केटबॉलच्या क्लासला घातल्याचे दोन फोन मला आलेत. घाला जरूर. फक्त पोराने पहिल्या दिवशी बॉल घालवला तर गाडीत बसल्यावर त्याचा हिशेब काढू नका.

आणि एक गोष्ट, जी लिहू की नको असं झालं होतं. न्यू ऑर्लिन्सकडून हरलो त्या रात्री ईएसपीएनच्या मोबाइल साइटवर लिनच्या त्या नऊ टर्नओव्हरबद्दलच्या बातमीला जो मथळा होता, त्यात चिनी वंशाच्या लोकांना हिणवायचा शब्द होता. पस्तीस मिनिटं तो तसाच राहिला. लिहिणाऱ्याची नोकरी गेली, तेच शब्द हवेवर बोलणारा निवेदक महिनाभर निलंबित झाला. आपल्या बेसमेंटमध्ये सगळे भडकले, आणि भडकायलाच हवं होतं. पण त्याच रात्री, मथळा यायच्या काही तास आधी, आपल्याच सोफ्यावरून "अरे तो चिंकी परत घालवतोय बघ" असं कोण म्हणालं होतं? आणि हसलं किती जण? मीही हसलो होतो. त्याचे आईवडील तैवानहून आले, तो जन्मला कॅलिफोर्नियात, जशी आपली पोरं इथे एडिसनला जन्मली. जिंकला की "आपला एशियन मुलगा" आणि बॉल गेला की तो शब्द. आपण त्याला आपलं म्हणतो तेही वहीसारखंच, निकाल बघून. उद्या आपल्या पोरांपैकी कुणी कोर्टवर उतरलं आणि त्याच्या हातून बॉल गेला, तर प्रेक्षकांतून काय ओरडलं जाईल याचा मी दोन रात्री विचार करतोय.

माझं मागणं मोठं नाही. टर्नओव्हर मोजा, जरूर मोजा, पण जिंकलो त्या दिवशीही मोजा. आणि नुसती रेघ नको. मी काकांच्या वहीत पट्टीने एक रकाना आखलाय: "कसा गेला". डाव्या हाताने गेला, हवेत जाऊन गेला, दोघांनी घेरल्यावर गेला, की पास बरोबर होता आणि घेणाऱ्याच्या हातातून निसटला. चार शब्द लिहायला वेळ लागत नाही, जाहिराती भरपूर असतात. महिन्याभराने ती पानं उघडून वाद घालू. तेव्हा डाव्या हाताच्या रेघा कमी झाल्या नसतील तर मी पहिला तुमच्या बाजूने बोलेन.

बॅरन डेव्हिस समर्थकांना स्वतंत्र उत्तर देणार होतो, पण नेट्सच्या सामन्याचा विषय निघेल आणि त्यांच्या डेरॉन विल्यम्सचे ते ३८ गुण आठवून माझाच बीपी वाढेल, म्हणून राहू दे. तसंही नेट्स आपली न्यू जर्सी सोडून ब्रुकलिनला चाललेत, त्यांच्याशी हिशेब पुढच्या वर्षी.

ऑल-स्टारची सुट्टी आज संपते. येत्या बुधवारी, २९ ला, घरच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये क्लीव्हलँडशी सामना आहे. नेहमीप्रमाणे आमच्याकडेच जमू, जेवण पॉटलक, क्वीन्सवाल्यांनीही यावं, चॅनल आलं म्हणून नाती तोडू नका. वही टीव्हीखाली ठेवली आहे. लाल पेन मी काढून घेतलंय, निळं ठेवलंय. समोर त्यांचा कायरी अर्व्हिंग असेल, पहिलंच वर्ष, ड्राफ्टमधला पहिला नंबर, आपल्या वेस्ट ऑरेंजमध्ये वाढलेला पोरगा. त्याच्यासाठी शेजारचं पान कोरं सोडलंय. काका, त्याचेही मोजा.

आपला,
बेसमेंटवाला